मावशीच्या फोनमधली सुष्मिता सेन

रविवारी सकाळी मावशीचा फोन. "अगं, मी चालायला जाणं बंद केलंय. ती सुष्मिता सेन बघ, एवढी व्यायाम करणारी, तरी तिला अटॅक आलाच ना!" मावशीला सात महिन्यांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसलाय. बोलता बोलता कळलं की आठवडाभर ती रक्त पातळ ठेवणारी गोळी एक दिवसाआड घेतेय आणि अनशापोटी लसणाचा काढा पितेय. हे सगळं ज्ञान एकाच फॉरवर्डमधून आलेलं. वर सुष्मिताचा फोटो, खाली 'दहा ग्रुपवर पाठवा'.

त्यातला पहिला मुद्दा, 'जिममुळेच सुष्मिताला अटॅक आला.' कोणी सांगितलं? तिने तर नाही. फेब्रुवारी 2023 च्या अखेरीस तिला अटॅक आला, अँजिओप्लास्टी झाली. मार्चमध्ये तिने स्वतः इन्स्टाग्रामवर लाइव्ह येऊन सांगितलं की मुख्य रक्तवाहिनीत 95 टक्के ब्लॉकेज होतं. त्याच लाइव्हमध्ये ती म्हणाली की आता बरेच जण जिम सोडतील, म्हणतील हिला तरी काय उपयोग झाला. पण ते खरं नाही, मला उपयोग झालाच. म्हणजे जिचा फोटो लावला तिचंच म्हणणं उलटं करून आमच्या मावशीच्या गळ्यात मारलं! वर्षानुवर्षं न हललेल्या माणसाने एकदम जड वजनं उचलू नयेत, एवढं मान्य. पण मावशी बागेला दोन फेऱ्या मारते, वजनं नाही उचलत.

'पन्नाशीच्या आत बायकांना अटॅक येत नाही.' मिस युनिव्हर्स 1994 मध्ये जिंकलेली ही बाई अटॅकच्या वेळी 47 वर्षांची होती. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला वजाबाकीही जमली नाही. पाळी असेपर्यंत थोडं संरक्षण असतं हे खरं, पण थोडंच. हा फक्त पुरुषांचा आजार नाही, हेही ती त्याच लाइव्हमध्ये बोलली. आपल्याकडे मात्र पाठ, जबडा दुखला, दरदरून घाम आला, दम लागला तरी बायका 'पित्त झालंय' म्हणून आलेपाक चघळत बसतात.

आता ज्या मुद्द्याने माझं डोकं फिरलं तो. 'स्टेंट ही लूट आहे. लसूण, आलं, लिंबू, व्हिनेगर, मध यांचा काढा घ्या, ब्लॉकेज विरघळतं, गोळ्या बंद करा.' स्टेंटच्या किमतीत लूट होती, नाइलाजाने कबूल करते. म्हणून तर 2017 मध्ये सरकारने किमतींवर मर्यादा आणली आणि लाखाच्या वर जाणारा स्टेंट तीस हजारांच्या आसपास आला. पण महाग विकली म्हणून वस्तू निरुपयोगी ठरते का? आणि ब्लॉकेज म्हणजे मोरीच्या पाइपात अडकलेला गाळ नव्हे. ते रक्तवाहिनीच्या भिंतीतच साचलेलं असतं, काढा ओतून वाहून जात नाही. स्टेंट म्हणजे धातूची बारीक जाळी. तिच्यावर आतलं अस्तर नीट चढेपर्यंत रक्ताची गुठळी धरण्याचा धोका असतो, त्यासाठीच त्या गोळ्या. अटॅकनंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर चालतात. कमी-जास्त करायच्या तर हृदयरोगतज्ज्ञ करतील, ग्रुप अॅडमिन नाही. मध्येच सोडल्या आणि जाळीत गुठळी झाली, तर रक्तवाहिनी क्षणात बंद. लसूण फोडणीत घाला की, कोण नको म्हणतंय!

'एकटे असाल तर जोरजोरात खोका, अटॅक टळेल.' नाही टळत. 108 लावा.

संध्याकाळी मावशीकडे जाऊन पाकिटातल्या गोळ्या मोजल्या. चार जास्त निघाल्या. तिच्या डॉक्टरांना फोन लावून दिला, बोलली तीच. बरीच बोलणी खाल्ली असावीत, कारण काढ्याची बाटली तिने स्वतःच मोरीत रिकामी केली. फॉरवर्ड मात्र अजून फोनमध्ये आहे. "राहू दे गं," म्हणाली, "फोटो छान आलाय तिचा."