खुलासा : जुनी बंदूक बिनपरवान्याची होत नाही

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर-निपाणी भागात सांगितलं जातं : "रानडुकरांसाठी जुनी ठासणीची (तोंडाकडून दारू ठासून भरायची) बंदूक घ्या, स्वस्त पडते, कोडगूसारखं लायसन्सही लागत नाही." हे साफ चूक आहे. कोडगूची (कूर्गची) सूट तिथला कोडव समाज आणि जम्मा, म्हणजे तिथल्या वंशपरंपरागत जमिनींच्या, धारकांपुरती आहे. बेळगावच्या शेतकऱ्याला ती लागू नाही. पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूकही परवान्यावरच मिळते. बिनपरवाना सापडल्यास किमान 2 वर्षं कैद.

खाजगी मालकाकडून घेताना त्याने जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस जाऊ द्यावे लागतात. त्याआधी इसारही देऊ नका.

बारा बोअरची जुनी दुनळी पाहताना आधी ती रिकामी असल्याची खात्री करा. बंदुकीवरचा नंबर मालकाच्या परवान्याशी जुळवा. नळ्या उजेडाकडे धरा : आत काळी कडी दिसली तर तिथे नळी फुगलेली असते, ती बंदूक सोडाच. पुढचं लाकूड काढून नळ्या हलवा. सांध्यात खडखडाट असेल तर दुरुस्तीत स्वस्ताई संपते. खरा धोका चेंबरचा, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या घराचा. जुन्या बंदुकांत तो बऱ्याचदा अडीच इंची असतो. त्यात पावणेतीन इंची काडतूस बसतं, पण उडताना त्याचं तोंड पूर्ण उघडायला जागा नसते आणि दाब वाढतो. नळीवर वेलबुट्टीसारखी पिळाची नक्षी असेल, तर आजची काडतुसं त्यात घालूच नका.

बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे. 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याचा लेखी आदेश वेगळा लागतो.