ब्रेकच्या कॅमला ग्रीस लावायला काय जाते?

वडिलांची 1992 सालची यामाहा आरएक्स 100 मोटरसायकल मी बेळगावातल्या एका गॅरेजमध्ये पूर्ण नव्याने करायला दिली, सांगितले तेवढे पैसे मोजले, पाच महिने वाट पाहिली, आणि पहिल्याच पावसाळ्यात तिचा मागचा ब्रेक भर रस्त्यात जॅम झाला. तो संताप अजून उतरलेला नाही.

खानापूरहून परतताना देसूरजवळ, सपाट रस्त्यावर, गाडी चढाला लागल्यासारखी दमू लागली. थांबून मागच्या चाकाच्या ब्रेक ड्रमवर बाटलीतले चार थेंब शिंपडले, तर ते चर्र करून क्षणात उडून गेले. ब्रेकवर पाय नसतानाही आतले लायनर, म्हणजे ब्रेकच्या घर्षणपट्ट्या, ड्रमला घासत होते आणि जळका वास सुटला होता. हेच चोर्ला घाटात घडले असते तर काय झाले असते? टू-स्ट्रोक गाडीला इंजिनाचा आवर मुळातच कमी, त्यामुळे उतारावर सगळी भिस्त ब्रेकवर असते, आणि लायनर तापले की तोच ब्रेक ऐनवेळी धरत नाही.

गॅरेजमध्ये तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला पेडलपासून ब्रेकपर्यंत जाणाऱ्या रॉडचा नट दोन फेरे ढिला केला, दुसऱ्या खेपेला लायनर ज्यांवर असतात ते ब्रेक शू नवे घालून त्याचे वेगळे पैसे घेतले, आणि तिसऱ्या खेपेला ‘काय होत नाही, चालवा चार दिवस, सेट होतंय बघा, पावसात असं होतंयच’ असे सांगून गाडी माझ्या हातात परत दिली. दर वेळी मी तीस किलोमीटरसुद्धा गेलो नसेन, तोच चाक पुन्हा आवळले.

शेवटी घरी मीच नट काढून रॉड मोकळा केला. रॉड ज्याला जोडतात तो ब्रेकचा आर्म हाताने दाबून सोडला, तर शूच्या स्प्रिंगांनी तो झटक्यात मागे यायला हवा होता; तो दाबला तिथेच थांबला. दोष रॉडमध्ये नाही, शूमध्येही नाही, आर्मबरोबर फिरून शू फाकवणारा कॅम अडकला आहे, हे कळायला दोन मिनिटे लागली. हीच दोन मिनिटे तीन खेपांत एकालाही का खर्च करावीशी वाटली नाहीत?

चाक उतरवून, रात्रभर केरोसीन मुरवून, लाकडी हातोडीने ठोकत कॅम बाहेर काढला. त्याच्या दांड्यावर तांबूस गंजाचा थर होता आणि ग्रीसचा मागमूसही नव्हता. कॅमचा दांडा ज्यात फिरतो त्या ब्रेक प्लेटच्या भोकात आतपर्यंत काळे पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत पक्का केलेला रंग, चढले होते, आणि कॅम ठोकून बसवताना खरवडलेली त्याची सालपटे तिथेच चिकटून होती. कोटिंगला देण्याआधी ते भोक झाकायचे असते, ही या धंद्यातली पहिली शिकवण आहे. टाकीच्या रंगात तोंड दिसेल इतके पॉलिश करणाऱ्यांना, ज्या भोकावर माणसाचा जीव अवलंबून असतो ते झाकण्याचे भान राहू नये?

भोक साफ केले, दांडा पॉलिश पेपरने घासला, लायनरला लागणार नाही इतपत ग्रीसचा पातळ थर लावला आणि पेडलला साधारण 25 मिलिमीटर ढिलाई ठेवली. आता चाक हाताने फिरवले तर कुठेही न घासता फिरत राहते. आणि पावसाचे कारण मला पुन्हा कोणी सांगू नये. खानापूर तालुक्यातले गवळी भर पावसात दुधाच्या किटल्या लावून रोज असल्याच ड्रम ब्रेकच्या गाड्या चालवतात.