‘मुलं म्हणजे भोपळे नव्हेत’: साताराकर यांना उत्तर

साताराकर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. खरं सांगतो, पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा तेवढा नाही.

इतरांसाठी थोडक्यात: ख्रिस्ती शिक्षकानं प्रत्येक मुलाकडं देवानं हेतूनं घडवलेली कृती म्हणून पाहावं, असं मी मागं लिहिलं होतं. दाखला आमच्या मिरजेच्या तंबोऱ्याचा दिला होता. भोपळ्याचा आकार पाहूनच कारागीर ठरवतो, याचा तंबोरा करायचा की सतार. त्यावर तुम्ही लिहिलंत, ‘मुलं म्हणजे भोपळे नव्हेत. तू अमक्या कामासाठीच जन्मलास, हे आम्हाला पिढ्यान् पिढ्या ऐकवलं गेलंय. तुमचा देव वेगळा, गोष्ट तीच.’

भोपळ्याचं मान्य. त्या दाखल्यात मी मास्तरला कारागिराच्या जागी बसवलं, ते चुकलं. बायबलातल्या इफिसकरांस पत्रात (2:10) माणसाला ‘हस्तकृती’ म्हटलंय. मूळ ग्रीक शब्द पोइएमा, इंग्रजीतला ‘पोएम’ त्याच कुळातला. पण हस्तकृती देवाची, मास्तरची नव्हे. सतारमेकर गल्लीतच जागा शोधायची तर आमचं काम जवारी काढणाऱ्याचं, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून आवाज पुन्हा खुलवणाऱ्याचं. तारेनं घासून घासून घोडीला खाच पडते, आवाज बसतो. मग कानस अलगद फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा कानस. हात जास्त पडला की घोडी वाया. अर्धा वेळ तो माणूस मान वाकडी करून नुसता ऐकत असतो. (आम्ही मास्तर मंडळी नेमकी ऐकण्यात कच्ची.)

‘गोष्ट तीच’ हे मात्र मला पटत नाही. इफिसकरांस पत्राच्या त्या ओळीत हेतू सांगितलाय तो ‘सत्कृत्यां’चा. सुतारकी नाही, हमाली नाही, कारकुनीही नाही. जन्मावरून वाटणी तर नाहीच. तुम्ही महात्मा फुल्यांचं नाव घेतलंत. तुमच्याच जिल्ह्यातलं कटगुण हे त्यांचं मूळ गाव. ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, पण ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांना आमच्यात ओढायचा माझा विचारही नाही. पण त्यांच्या पश्चात 1891 मध्ये निघालेल्या ‘सार्वजनिक सत्य धर्म’ पुस्तकात त्यांनी समतेचा पाया घातला तो कशावर? निर्मिकानं (देवासाठी फुल्यांचा शब्द) सगळ्या स्त्री-पुरुषांना स्वतंत्र निर्माण केलं, यावरच ना? म्हणजे ‘घडवलं’ हा शब्द जातीची बाजू घ्यायला वापरता येतो, तसा जातीवर उलटवताही येतो.

आता माझ्याविरुद्ध एक हत्यार मीच तुमच्या हातात देतो. त्याच इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात दासांना धन्यांच्या आज्ञेत राहायला सांगितलंय, आणि अमेरिकेतल्या गुलामांच्या मालकांनी ते पुरेपूर वापरून घेतलं. तेव्हा तुमचा संशय हवेतला नाही.

शाळेतल्या प्रार्थनेचं म्हणाल, तर मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात वा उपासनेत बसवता येत नाही. घटनेचं 28 वं कलम आहे. त्यात वाद घालण्यासारखं काही नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न: ‘हेतू कुणी ठरवायचा?’ हा मला पूर्वी एकदा विचारला गेलाय. नववीचा वर्ग माझ्याकडं होता. एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात मी शेरा लिहिला, ‘अभ्यासात गती नाही. आयटीआयला घालावे.’ मुलाचं भलंच चाललंय अशी माझी समजूत. (आयटीआयला मी नावं ठेवत नाही, माझा धाकटा भाऊ तिथूनच फिटर झाला.) वडील सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती उचलायचे. कामावरून तसेच आले. शेरा मुलाकडून मोठ्यानं वाचून घेतला आणि म्हणाले, “सर, ह्ये तुमी ठरीवलं का त्यानं?”

मी दर रविवारी देवळात ‘तू मला घडवलंस’ म्हणणारा माणूस. तोंडातून शब्द फुटला नाही.

त्यांनी सही केली, अक्षर अक्षर जोडून. पान धरलेल्या अंगठ्याची पिवळी खूण माझ्या शेऱ्यावरच उठली. पुसायला गेलो तर आणखी पसरली.