म्हणे सीमलेस!
‘फुकट सीमलेस टेक्स्चर’ (शेजारी-शेजारी लावलं तरी सांधा न दिसणारं पोताचं चित्र) म्हणून उतरवून घ्यावं, बॅकग्राउंडला लावावं, तर फरशीच्या सांध्यांसारख्या रेघाच रेघा! अहो, चौकोनी कापलं म्हणजे सीमलेस होत नाही. फोटोशॉपमध्ये ऑफसेट फिल्टर कशाला दिलाय? १०२४ पिक्सेलच्या टाइलला, म्हणजे त्या चौकोनी तुकड्याला, आडवं-उभं ५१२ सरकवा, रॅप अराउंड निवडा; एका कडेने बाहेर गेलेलं समोरच्या कडेने आत येतं. कडा मधोमध येतात, सांध्याची फुली दिसते. ती क्लोन स्टॅम्पने, म्हणजे दुसरीकडचा भाग उचलून वर रंगवणाऱ्या हत्याराने, पुसायची. एवढंही जमत नाही?

मूळ फोटोत एका बाजूला उजेड, दुसरीकडे सावली असेल तर सांधा पुसूनही पानभर पट्टे उमटतात. एखादा ठळक डाग राहिला, की दर १०२४ पिक्सेलला स्वारी हजर. आणि ‘पारदर्शक’ पीएनजी चित्रात पारदर्शकपणाची खूण असलेले ते राखाडी-पांढरे चौकोन चक्क छापलेले!