पॅराबेन-फ्री लोशन आणि तीन आठवड्यांची ट्यूब

गेल्या पावसाळ्यात लेकीला डायपर रॅश झाला. दोन वर्षांची पोर, नीट बसेना की चालेना. लंगोट वाळत नव्हते म्हणून दिवसरात्र डायपर, ती आमचीच चूक. शनिवारची संध्याकाळ, डॉक्टरांचा दवाखाना बंद. नवरा कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून ट्यूब घेऊन आला. "सगळेच नेतात हो, दोन दिवसांत उतरतं," असं दुकानदारानं सांगितलं होतं.

आणि खरंच उतरलं की! मी मनातल्या मनात त्या माणसाला हात जोडले. ट्यूब बंद केली की चार दिवसांत पुन्हा लाल. पुन्हा लावली. असे तीन आठवडे.

शेवटी बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी ट्यूब मागितली. मी ती शेपटीकडून गुंडाळत आणलेली, निम्मी अक्षरं घडीत गेलेली. घडी उलगडून, मोबाइलचा टॉर्च मारून त्यांनी वाचलं : क्लोबेटासोल, मायकोनॅझोल (बुरशीवरचं), निओमायसिन (जंतूंवरचं). पहिलं नाव सगळ्यात जोरकस स्टेरॉइडांपैकी, म्हणजे सूज-लाली दाबणाऱ्या औषधांपैकी, एक. त्यावर डायपर म्हणजे भांड्यावर झाकण, औषध कितीतरी जास्त आत मुरणार. शिवाय लहान मुलाच्या वजनाच्या मानानं कातडीचा पसारा मोठा, म्हणजे तेवढ्याच मलमाचा अंगात जाणारा वाटाही मोठा. कातडी पातळ होते, आणि फार दिवस लावलं तर शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणंही मंदावू शकतं. ही मलमं चिठ्ठीशिवाय विकायचीच नसतात. आमच्याकडे चिठ्ठी कुणी मागितली होती?

आता गंमत बघा. त्याच काळात मी दोन संध्याकाळी घालवून साडेसहाशे रुपयांचं 'पॅराबेन-फ्री' लोशन निवडलं होतं. म्हणजे मोरीला बोळा लावत होते आणि दरवाजा सताड उघडा.

पॅराबेन म्हणजे लोशन-क्रीम खराब होऊ नये म्हणून घालतात ती द्रव्यं. ती शरीरातल्या हार्मोन्समध्ये ढवळाढवळ करतात, ही भीती अगदीच हवेतली नाही. तीन वर्षांखालच्या मुलांच्या डायपरच्या जागी लावून ठेवायच्या क्रीममध्ये युरोपनं 2014 साली प्रोपिल आणि ब्युटिल पॅराबेनला मनाई केली. पण मिथाइल आणि इथाइल पॅराबेन ठरावीक प्रमाणात तिथं आजही चालतं. उलट पॅराबेन काढून त्याजागी मिथाइलआयसोथायाझोलिनोन नावाचं जे टिकवणारं द्रव्य वाइप्स-लोशनमध्ये घालू लागले, त्याच्या अ‍ॅलर्जी इतक्या वाढल्या की धुवून न टाकायच्या उत्पादनांतून तेच काढायची वेळ आली. बाटलीवर काय 'नाही' ते ठळक छापतात. काय आहे ते मागे, मुंगीच्या अक्षरात. मी हल्ली आधी 'परफ्यूम' किंवा 'फ्रॅग्रन्स' शोधते. त्या एका शब्दामागे कितीही वासाची द्रव्यं लपू शकतात. बाळाचा म्हणून जो वास आपल्याला आवडतो ना, तो बाळाचा नसतोच.

आणि घरगुती म्हणजे निर्धोक, हेही मी आता मानत नाही. सर्दी झाली की आमच्या सासूबाई खोबरेलात कापूर विरघळवून छातीला चोळायच्या. कापूर कातडीतूनही अंगात जातो आणि लहान मुलांना त्यानं झटके येऊ शकतात. देवघरातली वडी तोंडात गेली तर विचारूच नका, दिसते तर खडीसाखरेसारखी. हे सासूबाईंना सांगायला मी चार दिवस धीर गोळा करत होते. त्या एवढंच म्हणाल्या, "मग नुसतं खोबरेल चोळते." कापराची डबी त्यांनीच उचलून कपाटावर ठेवली.

रॅश? डायपर थोडा वेळ काढून ठेवणं, कोमट पाणी, कापसानं टिपून घेणं आणि साधं झिंक ऑक्साइडचं मलम. ज्याची जाहिरात फारशी दिसत नाही.

परवा मेडिकलमध्ये एक तरुण बाई बाळ कडेवर घेऊन उभी होती, आणि काउंटरवर तीच ट्यूब. मी न राहवून दुकानदाराला विचारलं, "यात स्टेरॉइड आहे ना हो?" त्यानं ट्यूब लांब धरली, डोळे बारीक केले आणि म्हणाला, "ताई, इतकं बारीक कोण वाचतं?"