टीडीएसचा आकडा आणि फ्लोराइड

‘टीडीएस ५००च्या आत असेल तर पाणी निर्धास्त प्या’ हे पिण्याच्या पाण्यावरच्या एका लेखातलं वाक्य वाचून थबकलो. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण, लिटरला मिलिग्रॅममध्ये. माझं आजोळ यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याजवळचं. तिथल्या हातपंपाचं पाणी चवीला गोड, दिसायला स्वच्छ, आणि माझ्या मामेभावंडांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे. लहानपणी आम्ही त्यांना ‘दात घासत नाहीत’ म्हणून चिडवायचो, त्याची आता लाज वाटते. तो फ्लोरोसिस होता, म्हणजे पाण्यातल्या जास्तीच्या फ्लोराइडमुळे होणारा दात-हाडांचा आजार. मामीचे गुडघे आणि पाठ पन्नाशीच्या आतच आखडली, ती मात्र कशामुळे हे कुणी कधी तपासलंच नाही.

टीडीएस मीटर पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देतो. ते क्षार कोणते, हे सांगत नाही. फ्लोराइडची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर फार तर १.५. म्हणजे ३ मिलिग्रॅम फ्लोराइड असलं तरी टीडीएसच्या ४००च्या आकड्यात ते दिसणार कुठे? आणि हो, पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. बोअरचं पाणी पिणाऱ्यांनी मीटरवर विसंबण्यापेक्षा एकदा प्रयोगशाळेत फ्लोराइडची वेगळी तपासणी करून घ्यावी.