नडगी दुखली की चुना खा? भरतीच्या पोरांत फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

सैन्यभरतीचा मोसम जवळ आला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. मराठीत फिरतो, कन्नडमध्येही फिरतो, मजकूर तोच. थोडक्यात असा: पळून पळून गुडघ्याची वाटी झिजते, तेव्हा भरती झाली की पळणं बंद करा. नडगी दुखते ती कॅल्शियम कमी पडल्यामुळं, गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज दह्यातून घ्या. दुखलं तरी थांबू नका, दुखण्यावर पळालं की दुखणं पळतं. टाचेची शीर धरली तर महिनाभर पाय हलवू नका, तेलानं रगडून घ्या. ऐन भरतीला दुखत असेल तर इंजेक्शन मारून उभं राहा. महागाचे बूट घेतले आणि आधी स्ट्रेचिंग केलं तर यातलं काहीच होत नाही. खाली हात जोडलेले आणि 'प्रत्येक आईबापानं वाचावं'.

यातलं सगळंच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. एक-दोन ठिकाणी खऱ्याचा अंश आहे, म्हणून तर मेसेज चालतो. पण गुडघ्यापासून टाचेपर्यंत कुठंही दुखलं तरी ते एकच दुखणं, असं धरून चालल्यामुळं घोटाळा होतो. हाड, शीर आणि वाटी यांची बरं व्हायची रीत वेगवेगळी आहे. शिरेला जे मानवतं त्यानं हाड मोडू शकतं.

आधी वाटी. 2017 साली बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले. हौसेनं पळणाऱ्यांत गुडघ्याचा-खुब्याचा संधिवात, म्हणजे सांध्याची झीज, सुमारे 3.5 टक्के निघाला, न पळणाऱ्या बैठ्या लोकांत 10.2 टक्के आणि वरच्या पातळीवर स्पर्धा करणाऱ्यांत 13.3 टक्के. पळणं गुडघा वाचवतं असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही, कारण ज्याचा गुडघा आधीच कुरकुरतो तो मैदानावर येतोच कशाला? पण रोजचे चार-पाच किलोमीटर पळणाऱ्याची वाटी झिजून जाते, हे म्हणणं या आकड्यांपुढं टिकत नाही.

मग विशीतल्या पोराचा गुडघा दुखतो तो का? बहुतेक वेळा दुखणं वाटीच्या मागं किंवा भोवती असतं. जिना उतरताना, उकिडवं बसल्यावर, खानापूरहून बसमध्ये गुडघे मुडपून बसल्यावर ते जाणवतं. ही झीज नव्हे. मांडी आणि खुब्याची ताकद वाढवली, काही आठवडे पल्ला कमी केला आणि पावलं आखूड टाकली की बहुतेकांचं ते उतरतं. मिनिटाला पडणारी पावलं पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली तरी गुडघ्यावरचा भार कमी होतो, त्याला एक पैसा लागत नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, आणि तेही राजहंसगडाचा रस्ता पळत उतरल्यावर दुखत असेल, तर तो आयटी बँडचा, म्हणजे मांडीच्या बाहेरून गुडघ्यापर्यंत येणाऱ्या पट्ट्याचा त्रास. गड चढा, पण काही दिवस उतरताना चालत या. नी कॅपनं बरं वाटतं, वाटू द्या. त्यानं बरं होत नाही.

आता नडगी. भरतीच्या पोरांचा खरा शत्रू इथं आहे.

2023 पासून अग्निवीरची लेखी परीक्षा आधी आणि मैदान नंतर असा क्रम झाला. पोरं महिनोन्‌महिने अभ्यासिकेत बसतात, निकालात नंबर दिसला की दुसऱ्या दिवशी पहाटे मैदान गाठतात. 1600 मीटर साडेपाच मिनिटांत मारलं तर पहिला गट, म्हणजे सगळ्यात जास्त गुण, म्हणून पहिल्या आठवड्यापासून घड्याळ लावून पळतात. पावसाळ्यात खानापूरकडं मैदानाचा चिखल होतो, मग डांबरी रस्ता. दम दोन-तीन आठवड्यांत वाढलेला दिसतो, त्यामुळं आपण तयार झालो असं पोराला वाटतं. हाड मात्र इतक्यात तयार होत नाही. भार वाढला की ते आधी जुना भाग काढून टाकतं आणि मग नवा भरतं. भिंत पाडली आहे, नवी अजून उभी राहिलेली नाही, अशा मधल्या काही आठवड्यांत ते उलट नाजूक असतं. नेमके तेच आठवडे आपण सगळ्यात जोरात पळतो.

"सर, नडगी दुखालीय," असं कोण म्हणाला की त्याला म्हणावं, कुठं ते दाखव. एक पोरगा नडगीच्या आतल्या कडेवरून, खालच्या अर्ध्या भागात, तळहात फिरवत दाखवतो, इथनं इथपर्यंत. सुरुवातीला दुखतं, अंग तापलं की कमी होतं, थांबल्यावर परत ठणकतं. हे शिन स्प्लिंट, म्हणजे ताणानं नडगीच्या कडेला येणारी ठणक. पळणं निम्म्यावर आणायचं, जमिनीचा पृष्ठभाग बदलायचा, पोटरीचे व्यायाम करायचे, सायकल मारायची आणि मग हळूहळू वाढवायचं. दुसरा पोरगा एक बोट एका जागेवर टेकवतो. दाबलं की पाय झटक्यानं मागं घेतो. पळेल तसं वाढत जातं, रात्रीही ठणकतं, त्या एका पायावर उडी मारायला सांगितलं तर जमत नाही. इथं स्ट्रेस फ्रॅक्चरची शंका घ्यायची, म्हणजे हाडाला गेलेली बारीक चीर. त्या दिवसापासून पळणं बंद आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवणं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे साफ येऊ शकतो, आणि 'रिपोर्ट नॉर्मल' म्हणत पोरगं परत मैदानावर जातं. शंका टिकली तर एमआरआय लागतो. साध्या चिरेला साधारण सहा ते आठ आठवडे पळणं बंद ठेवावं लागतं. नडगीच्या मधोमध पुढच्या अंगाला चीर असेल तर जास्तच, कारण ती भरायला हट्टी असते आणि तिथनं हाड सरळ मोडू शकतं.

'दुखण्यावर पळालं की दुखणं पळतं' याचं उत्तर यातच आलं. बोटानं दाखवता येणाऱ्या हाडाच्या दुखण्यावर पळून ते पळत नाही, एके दिवशी पोरगंच खाली बसतं.

कॅल्शियममधला खऱ्याचा अंश मान्य करू. अमेरिकेच्या नौदलात भरती झालेल्या मुलींवर एक मोठी चाचणी झाली, 2008 साली छापून आली. रोज 2000 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलेल्या मुलींत स्ट्रेस फ्रॅक्चर सुमारे 20 टक्क्यांनी कमी झाले. म्हणजे पोटात कॅल्शियम असणं चांगलंच. पण हे आधीपासून घ्यायचं झालं. चीर पडल्यावर गोळी खाऊन पळत राहायचा परवाना नव्हे, आणि शिन स्प्लिंटशी तर त्याचा संबंध नाही. चुना दाहक आहे, दाण्याएवढा म्हणत कोण किती घेतो याला माप नाही. आपल्याकडं नाचणी आहे. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम. सकाळी आंबील, रात्री भाकरी, वर दूध, यात चुन्याला जागाच उरत नाही. मुलींबद्दल एक गोष्ट हा मेसेज लिहिणाऱ्याला सुचलेलीच दिसत नाही. महिला मिलिटरी पोलिसांची भरती 2019 साली बेळगावात झाली, तेव्हापासून इकडच्या मुलीही पहाटे मैदानावर दिसतात. जोराचा सराव आणि कमी जेवण यात पाळी लांबली किंवा बंद झाली, तर ते हाड कमजोर होत असल्याचं लक्षण असतं. ते लपवायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं.

टाचेच्या शिरेला, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणाऱ्या अकिलीस या दोरीला, बरोबर उलटा न्याय. महिनाभर पाय हलवला नाही तर शीर शांत होते, आणि पळायला लागलं की आठवड्यात परत धरते, कारण विश्रांतीत ती आणखी कमजोर झालेली असते. तिला भार लागतो, पण मापात. 1998 साली स्वीडनमध्ये मांडलेला व्यायाम आजही चालतो. घराच्या पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, चांगल्या पायानं वर उठायचं, दुखऱ्या पायावर वजन घेऊन टाच पायरीखाली सावकाश सोडायची. पंधरा वेळा, असे तीन फेरे गुडघा सरळ ठेवून, तीन किंचित वाकवून, सकाळ-संध्याकाळ, बारा आठवडे. करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शीर जास्त आखडलेली वाटली, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजायचं. दुखणं टाचेच्या हाडाला शीर चिकटते तिथंच असेल तर टाच पायरीखाली न नेता सपाट जमिनीवर करावं.

तेल पोटरीच्या मांसाला लावा, बरं वाटतं. दुखऱ्या शिरेवर अंगठा रुतवून रगडायचं नाही. एकच पोटरी सुजली, गरम लागली, टणक झाली तर मालिशवाल्याकडं अजिबात नको, पोटरीतल्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना. पळताना मागनं कोणी काठी मारल्यासारखं झालं आणि चवड्यावर उठता येईना, तर शीर तुटली असं धरून तेवढ्याच घाईनं जायचं.

इंजेक्शनबद्दल लांबण लावत नाही. स्टेरॉइड अकिलीसमध्ये किंवा तिच्या भोवती मारलं तर ती तुटायची भीती असते. वेदनाशामक घेऊन चिरलेल्या हाडावर पळणं म्हणजे थांब म्हणणाऱ्याचं तोंड बांधणं. अग्निवीरच्या वयाच्या अटीत काही वर्षं मिळतात, एक भरती चुकली तर बहुतेकांना पुढची मिळते.

राहिले बूट आणि स्ट्रेचिंग. अमेरिकी लष्करात नव्या जवानांना तळव्याची कमान बघून वेगवेगळे बूट देऊन पाहिले, दुखापती कमी झाल्या नाहीत. ऑस्ट्रेलियात 1538 नव्या जवानांपैकी निम्म्यांना सरावाआधी स्ट्रेचिंग करायला लावलं, बाकीच्यांना नाही. दोन्हीकडं दुखापती जवळपास सारख्याच. 2000 साली हे छापून आलं आहे. आधी दहा मिनिटं हळू पळून अंग तापवा, ते पुरे. अनवाणी पळायची सवय नसलेल्यानं भरतीच्या तोंडावर अचानक अनवाणी सुरू करू नये, सगळा ताण पोटरी आणि अकिलीसवर जातो. जुन्या बुटात बोटं आवळत नसतील आणि टाच एका अंगाला झिजून कलली नसेल तर तेच चालवा, वाचलेल्या पैशांची पोराला अंडी खाऊ घाला.